संगणकातली फाइल, घरातला डीव्हीडी प्लेअर : पार्श्वभूमी

डीव्हीडी प्लेअरला काय वाचता यावे, हे नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मानक ठरले तेव्हाच पक्के झाले होते. चित्र एमपेग-२ (किंवा जुने एमपेग-१) पद्धतीने दाबलेले, ध्वनी ४८ किलोहर्ट्झचा, सगळे मिळून सेकंदाला साधारण १० मेगाबिटची मर्यादा, आणि चित्राचे पूर्ण माप पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ ठिपके, तर एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ४८०. संगणकाला असे कोणतेच बंधन नव्हते. १९९९ नंतर डिव्हएक्स आणि पाठोपाठ एक्सव्हिड या चित्र अधिक दाबणाऱ्या सॉफ्टवेअरनी अख्खा चित्रपट ७०० मेगाबाइटच्या सीडीत बसवला, पण प्लेअरमधली चिप होती तिथेच राहिली. रूपांतराचा सगळा खटाटोप या अंतरातून सुरू झाला.

आपल्याकडे मधे व्हीसीडीचा, म्हणजे साध्या सीडीवरच्या व्हिडिओचा, टप्पा होता. कोऱ्या डीव्हीडी आणि त्या राइट करणारे ड्राइव्ह आवाक्यात येईपर्यंत लोक फाइलचे व्हीसीडीत, म्हणजे ३५२ बाय २८८ च्या एमपेग-१ मध्ये, रूपांतर करत. एका सीडीवर ७४ ते ८० मिनिटे मावत, त्यामुळे चित्रपट दोन सीडींवर जाई आणि लग्न तीन-चार सीडींवर. त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे फारसे काही नाही.

खरी धांदल साधारण २००३ ते २००९ या काळातली. डिव्हएक्स किंवा एक्सव्हिडची एव्हीआय फाइल तशीच डिस्कवर उतरवली, तर साधा प्लेअर ‘नो डिस्क’ म्हणून मोकळा होई. त्याला व्हिडिओ_टीएस नावाचे फोल्डर, त्यात जास्तीत जास्त एक-एक गिगाबाइटचे व्हीओबी तुकडे आणि कोणता तुकडा कधी वाजवायचा हे सांगणाऱ्या आयएफओ फाइली लागत. ४.७ गिगाबाइटच्या डिस्कवर दोन तास बसवायचे, तर सेकंदाला सुमारे ५.२ मेगाबिट वाट्याला येतात. ध्वनी न दाबता पीसीएममध्ये ठेवला, तर त्यातले दीड मेगाबिट तोच खाऊन टाकतो, म्हणून एसी-३ हा दाबलेला ध्वनी वापरणे शहाणपणाचे ठरे. दोन फेऱ्यांचे एन्कोडिंग (आधी चित्रपट तपासून मग दाबणे) लावून संगणक रात्रभर चालू ठेवावा लागे. सकाळी ७०० मेगाबाइटची फाइल फुगून चार गिगाबाइटची झालेली दिसे. ती फुगल्यामुळे चित्र सुधारले, असा समज त्या वेळी सर्रास होता. वास्तविक जे तपशील आधीच गेले होते, ते परत येण्याचा प्रश्नच नव्हता.

मात्र सर्वांत जास्त वाद झाला तो पाल की एनटीएससी या निर्णयावरून. भारतात रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये एशियाडच्या सुमारास आले आणि ते पालमध्ये आले, म्हणून ‘आपली डिस्क पालच हवी’ हे बहुतेकांना उघड वाटे. पण संगणकावर असलेल्या चित्रपटांच्या फाइली बहुधा सेकंदाला २३.९७६ फ्रेमच्या असत, तर पालला नेमक्या २५ लागतात. हे अंतर भरून काढायचे दोन मार्ग होते. एक, चित्रपट सुमारे ४ टक्के वेगाने पळवायचा. मग शंभर मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टी न सावरल्यास गाणी जवळजवळ पाऊण अर्धस्वराने चढतात. पाल देशांतल्या दूरचित्रवाणीवर चित्रपट वर्षानुवर्षे असेच दाखवले गेले आणि कुणाची फारशी तक्रार नव्हती, हा या बाजूचा युक्तिवाद. पण ज्याला एखादे गाणे कॅसेटवर ऐकून पाठ झाले आहे, त्याच्या कानाला तो पटत नाही. दोन, वेग तोच ठेवून दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा दाखवायची. यात आवाज शाबूत राहतो, पण कॅमेरा आडवा फिरू लागला की चित्र दर सेकंदाला ठेचकाळते, आणि ते एकदा लक्षात आले की पुढे दुसरे काही दिसत नाही.

तिसरा मार्ग होता पालचा हट्ट सोडून एनटीएससी निवडण्याचा. फाइल २३.९७६ वरच एन्कोड करायची आणि प्रवाहात फक्त खुणा घालायच्या; चार फ्रेमच्या दहा फील्ड (एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे) करण्याचे काम प्लेअर स्वतः करतो. ५७६ ऐवजी ४८० ओळी मिळतात, हा त्यावरचा आक्षेप कागदावर बिनतोड होता. परंतु मूळ फाइलच ६४० बाय २७२ ची असेल, तर हरवायला त्या जास्तीच्या ओळी होत्या कुठे? शिवाय त्या काळात आपल्याकडे विकले जाणारे बहुतेक प्लेअर आणि टीव्ही दोन्ही पद्धती चालवत, आणि परदेशातल्या प्रेक्षकांवर डोळा ठेवून निघालेल्या कित्येक हिंदी चित्रपटांच्या अधिकृत डीव्हीडीही एनटीएससीच असत. असे असूनही बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये भारत निवडला की मुकाट्याने पाल लागे आणि वापरणाऱ्याला आपण काही निर्णय घेतला आहे याचा पत्ताही नसे.

लग्नाच्या चित्रणाचे गणित अर्थातच उलटे होते. मिनी-डीव्ही कॅमेऱ्यातून आलेले चित्र मुळातच पाल, सेकंदाला ५० फील्डचे. ते तसेच ठेवणे योग्य. अमेरिकेतल्या भावाला पाठवायची प्रत तेवढी एनटीएससीत करावी लागे, कारण तिकडचे अनेक प्लेअर आणि टीव्ही पाल स्वीकारत नसत. इथे घोटाळा होई तो फील्डच्या क्रमात. डीव्हीचे चित्र खालच्या फील्डने सुरू होते आणि बऱ्याच एन्कोडरमध्ये वरचे फील्ड आधी असे ठरलेले असे. संगणकाच्या पडद्यावर सगळे ठीक दिसे. टीव्हीवर मात्र वरातीतला प्रत्येक नाचणारा माणूस पुढे-मागे थरथरू लागे.

पुढे डिव्हएक्सचे चिन्ह असलेले प्लेअर आले, मग यूएसबीचे भोक असलेले. एक्सव्हिड फाइल पेनड्राइव्हवर घालून थेट लावता येऊ लागली आणि रूपांतराची गरज झपाट्याने कमी झाली. या बदलात एक गोष्ट गेली, तिची फारशी दखल घेतली गेली नाही. डीव्हीडीवरची उपशीर्षके अक्षरे म्हणून नव्हे, तर चार रंगांची छोटी चित्रे म्हणून साठवली जातात, त्यामुळे संगणकावर बनवलेली मराठी उपशीर्षके कोणत्याही प्लेअरवर जोडाक्षरांसह नीट उमटत. उपशीर्षके अक्षरे म्हणून साठवणारी एसआरटी फाइल वाचणाऱ्या त्या काळच्या बहुतेक प्लेअरमध्ये देवनागरी टंकच नव्हता. तिथे चौकोन दिसत किंवा काहीच नाही.

त्यानंतर एच.२६४ आणि एमकेव्ही या नव्या प्रकारच्या फाइली टीव्हीच वाचू लागले. व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये असलेले डीव्हीडी बनवण्याचे सॉफ्टवेअर विंडोज ८ मधून काढले गेले, शिवाय साधी डीव्हीडी लावण्याची सोयही मूळ प्रतीत उरली नाही. परवान्याचे शुल्क हे त्यामागचे एक कारण होते. ज्या एमपेग-२ पेटंटांसाठी ते मोजावे लागे, त्यांतले अमेरिकेतले शेवटचे २०१८ मध्ये संपले. आज कुणाला जुन्या प्लेअरसाठी डिस्क करायचीच असेल, तर एफएफएमपेग या रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये पाल-डीव्हीडी हे तयार लक्ष्य अजून आहे आणि एका ओळीच्या आदेशात काम होते. २३.९७६ ची फाइल दिली, तर तेही मुकाट्याने दर सेकंदाला एक फ्रेम दोनदा घालते. फिल्म-डीव्हीडी हे एनटीएससीचे वेगळे लक्ष्य शोधून लावावे लागते.