रंग पाण्यात घालायचा की नळीत?

कॉम्प्युटर पाण्याने थंड ठेवायला कस्टम लूप, म्हणजे स्वतः जोडलेली पाणी फिरवायची साखळी, करायला घेतला की पंप, रेडिएटर, ब्लॉक (सीपीयूवर बसणारा, आतून पाणी जाणारा तुकडा) हे सगळं ठरतं पण रंगावर येऊन गाडी अडते. पारदर्शक ट्यूब घेऊन कूलंटमध्ये, म्हणजे आत फिरणाऱ्या पाण्यात, डाय (रंग) टाकायचा, की ट्यूबच रंगीत घ्यायची आणि आत साधं क्लिअर कूलंट ठेवायचं? प्रश्न नुसता शोभेचा वाटतो पण त्यात केमिस्ट्री बरीच आहे. माझं मत सरळ आहे, मशीन रोज वापरायचं असेल तर रंग प्लास्टिकमध्येच असू द्या.

कारण पाण्याचं काम उष्णता उचलायचं आहे. एक ग्रॅम पाणी एक डिग्रीने तापवायला साधारण 4.18 ज्यूल लागतात, हवेला त्याच्या जेमतेम पाव, म्हणून तर एवढा खटाटोप करतो आपण. पण ही उष्णता उचलायला पाण्याला सीपीयूवरच्या ब्लॉकमधून जावं लागतं, आणि तो ब्लॉक उघडून बघितलात तर आत तांब्याच्या बारीक पात्या ओळीने उभ्या असतात, दोन पात्यांमधली फट मिलिमीटरच्या पाव भागाच्या आसपास. अख्ख्या लूपमधला सगळ्यात अरुंद रस्ता हाच, त्यामुळे पाण्यात जे काही तरंगत असेल ते फिरून फिरून शेवटी इथेच अडकतं.

आता रंगीत कूलंटमध्येही दोन जाती आहेत आणि लोक दोन्हींना सर्रास डाय म्हणतात, तिथेच घोळ होतो. खरा डाय पाण्यात पूर्ण विरघळतो, आरपार दिसतं, पात्यांमध्ये अडकायला कणच नसतात. पेस्टल कूलंट मात्र विरघळलेलं नसतं, त्यात पिगमेंटचे अतिसूक्ष्म कण तरंगत असतात, ते प्रकाश विखुरतात म्हणून ते दाट, पेंटसारखं दिसतं आणि फोटोत फार सुंदर येतं. हे कण एकमेकांना चिकटत नाहीत कारण सगळ्यांवर सारखाच विद्युतभार असतो आणि सोबत स्टॅबिलायझरही घातलेलं असतं. पण लूप नळाच्या किंवा बोअरच्या पाण्याने धुतला आणि थोडं पाणी आत राहून गेलं, किंवा नव्या रेडिएटरमध्ये सोल्डरिंगचा फ्लक्स (डाख देताना लावतात ते रसायन) शिल्लक असला, तर त्यातले क्षार तो भार झाकून टाकतात, कण एकत्र येतात आणि दूध नासावं तसं कूलंट फाटतं. मग टेम्परेचर हळूहळू चढायला लागतं आणि माणूस सीपीयू आणि ब्लॉकमधली थर्मल पेस्ट बदलत बसतो.

खऱ्या डायचं दुखणं वेगळं. रंगाचा रेणू म्हणजे एकाआड एक दुहेरी बंधांची साखळी, ती ऑक्सिडेशनने किंवा यूव्हीने तुटली की रंग गेला. जांभळा बहुतेक वेळा लाल आणि निळा मिसळून केलेला असतो, दोन्ही सारख्या वेगाने उडत नाहीत म्हणून काही महिन्यांत जांभळ्याचा भलताच काहीतरी होतो. काही डाय पीएच बदलला की रंग बदलतात. आणि लाल डाय तर ट्यूब, ओ-रिंग (जोडांमधली रबरी कडी), अ‍ॅक्रिलिक सगळ्यावर डाग पाडतो, नंतर दुसरा रंग भरायचा म्हटलं तरी गुलाबी झाक राहते.

रंगीत ट्यूबमध्ये रंग प्लास्टिकमध्येच अडकलेला असतो, पाण्याशी त्याचा फारसा संबंध येत नाही. तोटे आहेतच, शेड मोजक्या मिळतात, रिझर्व्हॉयर (लूपची पाण्याची टाकी) बिनरंगी दिसतो, आणि रंग फिका वाटतो. 10/14 ची (आतला व्यास 10, बाहेरचा 14 मिमी) ट्यूब घेतली तर भिंत फक्त 2 मिमी, तर आत पाण्याचा थर 10 मिमी, म्हणजे प्रकाशाला रंगातून जायचं अंतर पाण्यात कितीतरी जास्त. याच कारणाने डायचं प्रमाण रिझर्व्हॉयर बघून ठरवू नका, तिथे थर अजून जाड असल्यामुळे रंग गडद दिसतो आणि ट्यूबमध्ये मात्र पाणचट, थेंब थेंब टाकत ट्यूबकडे बघा.

ट्यूबचं मटेरियलही बघून घ्या. मऊ पीव्हीसी ट्यूबमधला प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन) हळूहळू पाण्यात उतरतो, ट्यूब धुरकट होते आणि चिकट पांढरा थर पात्यांवर बसतो, मग कूलंट क्लिअर असूनही ब्लॉक तुंबतोच. ईपीडीएम रबरात ही कटकट नाही, पण ते बहुतेक काळंच मिळतं. हार्ड ट्यूबमध्ये पीईटीजी प्लास्टिक साधारण 80 डिग्रीच्या आसपास मऊ पडतं, अ‍ॅक्रिलिक 100 च्या पुढे, आणि विदर्भात मे महिन्यात खोलीच 40 ला असेल तर लोडवर लूपचं पाणी 50 च्या वर सहज जातं, त्यात पंप बंद पडला तर विचारायलाच नको. तिकडे मी तरी अ‍ॅक्रिलिकच सुचवेन, कापताना तडकतं, सावकाश कापा.

गंजरोधक आणि बायोसाइड (शेवाळ-जंतू मारणारं औषध) दोन्ही पर्यायांत लागतंच, आणि तांब्याच्या लूपमध्ये अ‍ॅल्युमिनियम कधीच नको.

पेस्टलच हवं असेल तर ते प्रदर्शनाच्या मशीनसाठी वापरा. काम झालं की लगेच काढा आणि लूप डिस्टिल्ड वॉटरने धुवा, रेडिएटर सोडवून, हलवून, पाणी स्वच्छ येईपर्यंत, कारण तिथे पाणी बऱ्याच अरुंद वाटांमध्ये विभागून सावकाश वाहतं आणि गाळ हमखास बसतो.