पॅनियर टँक इंजिनं ओळखायची कशी?

ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेची पॅनियर टँक इंजिनं फोटोत पाहिली की एकाच साच्यातून काढल्यासारखी वाटतात. सहा चाकं, बहुतेकांचे सिलिंडर आत दडलेले आणि बॉयलरच्या दोन्ही अंगांना रेड्याच्या पाठीवरच्या पखालीसारख्या पाण्याच्या टाक्या. टाक्या अशा लटकवण्यामागे कारण होतं. या रेल्वेच्या स्विंडनच्या कारखान्यानं चौकोनी माथ्याचा बेल्पेअर फायरबॉक्स (कोळसा जाळायची पेटी) स्वीकारला आणि त्यावर आधीची कमानदार खोगीर टाकी नीट बसेना. शिवाय नव्या टाक्यांखाली मोकळी जागा राहिल्यानं आतल्या यंत्रणेला तेल घालणं सोपं झालं.

सगळ्यांत मोठा गोतावळा ५७०० क्लासचा. १९२९ ते १९५० या काळात अशी ८६३ इंजिनं बनली. त्यांच्यातला भेद पाहायचा तर थेट कॅबच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या खोलीच्या, पुढच्या खिडक्यांकडे बघावं. सुरुवातीच्या इंजिनांना त्या गोल आहेत. १९३३ पासूनच्या ८७५० या उपवर्गात कॅब बदलली आणि खिडक्या मोठ्या, चौकोनी वळणाच्या झाल्या. ८७४९ आणि ८७५० हे लागोपाठचे नंबर, पण कॅब वेगळी!

६४०० आणि ७४०० या क्लासची जोडी मात्र खरी कसोटी पाहते. चाकांचा व्यास दोन्हींचा ४ फूट साडेसात इंच, बांधाही तोच. फरक कामाचा आहे. ६४०० ची इंजिनं डबे ओढत तशीच मागून ढकलतही. ढकलताना ड्रायव्हर सर्वांत पुढच्या डब्यातल्या केबिनमध्ये बसे, फायरमन इंजिनावरच राही आणि डब्याखालच्या दांड्यांनी रेग्युलेटर, म्हणजे वाफ सोडायची झडप, हलवला जाई. ही जोडणी ७४०० वर नाही.

९४०० चटकन कळतं. बॉयलर मागे रुंद होत जातो, वर घुमट नाही आणि टाक्या धूरपेटीच्या (बॉयलरच्या पुढच्या टोकाच्या पेटीच्या) अलीकडेच संपतात.

नंबरावर फार विसंबू नये, असं माझं ठाम मत आहे. लंडन ट्रान्सपोर्टनं १९५६ ते १९६३ मध्ये ५७०० क्लासची १३ जुनी इंजिनं विकत घेतली, लाल रंगवली आणि नंबरही बदलले. त्यांतलं ‘एल ९४’ म्हणजे मूळचं ७७५२. लंडन ट्रान्सपोर्टची शेवटची वाफेची गाडी ६ जून १९७१ रोजी यानंच ओढली. गोल खिडक्या तेव्हाही जशाच्या तशा होत्या.