मॉडेल-कारच्या बुडाचं वेदरिंग

मॉडेल-कारच्या बुडाचं वेदरिंग : प्लॅस्टिक किटमधून जोडलेल्या छोट्या मोटारीचा खालचा भाग, म्हणजे फ्लोअर, सायलेन्सर, सस्पेन्शन, डिफरन्शियल, मडगार्डची आतली बाजू, हे सगळं वापरातल्या खऱ्या गाडीसारखं धुळकट, तेलकट, गंजलेलं दिसावं म्हणून रंग, वॉश (खाचांत साचणारा अगदी पातळ रंग) आणि पिगमेंटने (कोरड्या रंगीत भुकटीने) केलेलं काम. जपानी आणि युरोपियन किटं बहुतेक १/२४ मापात, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्यात, येतात, अमेरिकन जुनी किटं १/२५ मध्ये. बॉडीवर धूळ दाखवायची की नाही हा आवडीचा प्रश्न, पण बुडाचं तसं नाही. गाडी रोज धुतली, पॉलिश केली तरी खाली कोणी फडकं मारत नाही, त्यामुळे वर चकाचक आणि खाली मळकट ही रस्त्यावरच्या गाडीची अगदी साधी अवस्था आहे. उलटं, वर चिखल आणि खाली किटमधून निघालेलं काळंभोर प्लॅस्टिक, असं मॉडेल उचलून पाहिलं की लगेच खोटं वाटतं.

ही पद्धत नेमकी कुठून आली याबद्दल तीन मतं आहेत. पहिलं मत रेल्वे मॉडेलिंगकडे बोट दाखवतं. कॅलिफोर्नियातल्या माँटेरेचे जॉन ॲलन (मृत्यू १९७३) यांनी आपल्या गोरी अँड डिफीटेड या मॉडेल-रेल्वेवर डबे, इंजिनं, इमारती मुद्दाम जुन्या, कळकट दाखवल्या आणि त्यांचे फोटो छापून आल्यावर साधारण १९५०च्या सुमारास हा विचार पसरला, असं मानलं जातं. दुसरं मत रणगाड्यांच्या मॉडेलिंगला श्रेय देतं. १९७०च्या दशकात मोनोग्रॅम या अमेरिकन कंपनीच्या किटांसोबत शेप पेन यांची डायोरामाची (मॉडेलभोवती उभारलेल्या देखाव्याची) पत्रकं यायची, त्यातून वॉश आणि ड्राय ब्रश (जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासणं) हे शब्द घराघरात गेले, पुढे बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांनी १९८०च्या दशकात त्याला ठरावीक क्रम दिला आणि त्यानंतर स्पेनमधल्या मिग हिमेनेझ वगैरे मंडळींनी पिगमेंट, फिल्टर (सगळ्या भागाची छटा बदलणारा पातळ रंग), तयार वॉश हे सगळं बाटल्यांत भरून बाजारात आणलं. तिसरं मत सिनेमासाठी मॉडेल बनवणाऱ्या वर्कशॉपचं नाव घेतं. यातलं दुसरं मत कारच्या बुडाला जास्त लागू पडतं, कारण आज कारवाले जी साधनं आणि जो क्रम वापरतात तो जवळजवळ जसाच्या तसा रणगाड्यांकडूनच आलाय. रेल्वेवाल्यांचा वाटा मूळ कल्पनेपुरता धरावा. सिनेमाच्या वर्कशॉपचं काम कॅमेऱ्याला लांबून दिसण्यापुरतं असायचं, हातात उलटं धरून बघण्यासाठी नाही, म्हणून तिसऱ्या मताला इथे फार वजन देता येत नाही.

कारवाल्यांकडे हे उशिरा आलं त्याला कारण आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या फिशर बॉडी विभागाची क्राफ्ट्समन्स गिल्ड ही मॉडेल स्पर्धा १९३० ते १९६८ चालली, तिथे मुलांचं कौतुक व्हायचं ते निर्दोष फिनिशसाठी. १९५८ पासून एएमटी या अमेरिकन कंपनीची 'थ्री-इन-वन' (एकातूनच तीन प्रकारे जोडता येणारी) किटं आली, त्यांचा आदर्शही शोरूममधली किंवा कस्टम शोमधली गाडी हाच होता. शिवाय या किटांची जातकुळी डीलरकडे मिळणाऱ्या प्रमोशनल मॉडेलची, त्यामुळे बूड म्हणजे एक सपाट पट्टी आणि तिच्यावरच उठावात ओतलेला सायलेन्सर, डिफरन्शियल, स्प्रिंगा. तिथे रंगवण्यासारखं फारसं काही नव्हतंच. टामिया या जपानी कंपनीने १९७६ ला १/१२ मापात पोर्शे ९३४ काढली आणि बुडाचे, सस्पेन्शनचे भाग सुटे सुटे जोडण्याची चटक लोकांना लागली. तरी इंजिन नसलेली 'कर्बसाइड' किटं आजही भरपूर येतात आणि त्यांच्यात बूड एकाच तुकड्यात असतं, तिथे खोली फक्त रंगानेच आणावी लागते.

घाण लावण्याआधी बुडाचा मूळ रंग ठरवावा लागतो आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. काळा स्प्रे मारून मोकळं होणं सोपं आहे, पण १९६०च्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांचं बूड रेड ऑक्साइड प्रायमरचं, म्हणजे विटकरी असायचं, काही कारखान्यांत ते करडं किंवा उरलेले रंग एकत्र करून मारलेलं कसल्याही छटेचं निघायचं. बॉडी रंगवताना फवाऱ्याचा धुरळा खालच्या कडेवरून आत जायचा, त्यामुळे कडेला बॉडीचा रंग आणि आत जाईल तसा तो विरत प्रायमरमध्ये मिसळलेला, हे दृश्य एअरब्रशने अगदी छान जमतं आणि गाडी एकदम खरी वाटायला लागते. इलेक्ट्रोकोट, म्हणजे विजेच्या साह्याने पूर्ण बॉडी रंगाच्या हौदात बुडवण्याची पद्धत, १९६०च्या दशकात फोर्डने रुळवली आणि १९७०च्या उत्तरार्धात तिचा जास्त टिकाऊ कॅथोडिक प्रकार आला. त्यानंतरच्या गाड्यांत खाली करडा किंवा काळपट थर, त्यावर जोडांवर ब्रशने फासलेलं सीलंट आणि दगड लागू नयेत म्हणून मारलेला खडबडीत अंडरकोट दिसतो. हे सीलंट दाखवायला पुटीमध्ये थोडं थिनर घालून जुन्या ब्रशने ओढायची, ब्रशचे फराटे राहू द्यायचे, खऱ्या गाडीतही ते राहतातच. पेट्रोलची टाकी जुन्या गाड्यांत शिसं-कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याची, मंद करडी असते. गिअरबॉक्सचं घर बऱ्याचदा ॲल्युमिनियमचं, त्याला गंज येत नाही, पांढुरकी भुकटी धरते. ॲल्युमिनियमवर नारिंगी गंज रंगवलेली मॉडेलं पदोपदी दिसतात.

घाणीला दिशा असते, हे या विषयातलं मुख्य सूत्र. चाक फिरताना चिखल मागे आणि वर फेकतं, म्हणून पुढच्या चाकामागचा फ्लोअर, मागच्या ॲक्सलची पुढची बाजू आणि मडगार्डच्या आतल्या मागच्या भिंतीवर सगळ्यात जाड थर बसतो, ॲक्सलची मागची बाजू त्यामानाने स्वच्छ राहते. तेल गळतं ते ऑइल चेंबरच्या गॅस्केटमधून, गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून आणि डिफरन्शियलच्या तोंडाशी, आणि गाडी चालताना हवेच्या झोताने तो ओघळ मागे पसरतो. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधलं ग्रीस फिरता फिरता उडतं, त्यामुळे फ्लोअरमधल्या ज्या बोगद्यातून शाफ्ट जातो त्याच्या आतल्या बाजूला बरोबर त्या जागी काळा पट्टा तयार होतो. तेलावर धूळ बसून जी काळी मळी होते ती पत्र्याला गंजापासून वाचवते, म्हणजे जुन्या गाडीत चेंबरच्या मागे मळी भरपूर आणि गंज जवळपास नाही, तर चाकाजवळच्या कोरड्या कोपऱ्यात मळी नाही आणि गंज पुष्कळ. दोन्ही एकाच जागी दाखवू नयेत. ब्रेक डिस्क रात्रभर ओलीत उभी राहिली तर नारिंगी होते पण एका फेरीत पॅड घासून चकचकीत होते, गंज कडेला आणि मधल्या भागावर राहतो, तोही तपकिरी.

सायलेन्सरच्या पाइपाला वेगळा नियम. पोलाद तापलं की सुमारे २२० अंश सेल्सिअसला फिकट पिवळं, २५५ च्या आसपास तपकिरी, २८० ला जांभळं आणि ३०० ला निळं पडतं, पण ही रंगांची पट्टी चकचकीत पोलादी नळ्यांवर, इंजिनजवळ दिसते. बिडाचा मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर पाइपात नेणारा भाग) असेल तर असले रंग येत नाहीत, तो राखाडी-तपकिरी आणि कोरडा दिसतो. मागचा डबा थंड राहतो, धुरातली वाफ तिथे साचते आणि तो आतून कुजतो, म्हणून भोकं पहिल्यांदा त्याच्या तळाला आणि शिवणीला पडतात. ॲल्युमिनियमचा मुलामा असलेले पाइप वर्षानुवर्षं मळक्या चंदेरी रंगाचे राहतात आणि फक्त वेल्डिंगच्या जोडांवर गंजतात. मॉडेलवर आधी मेटॅलिक रंग, मग पारदर्शक नारिंगी-निळ्याचे अगदी पातळ थर, शेवटी जोडांवर बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर तेलरंगाचे ठिपके, एवढ्यात काम होतं. गंज म्हणजे एकच नारिंगी रंग नव्हे. जुना गंज गडद तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी असतो आणि ताजा नारिंगी फक्त वरती ठिपक्यांएवढा. सगळीकडे नारिंगी फासलं की बूड भाजलेल्या मातीच्या भांड्यासारखं दिसतं.

रंग उडालेला दाखवायला दोन पद्धती चालतात, मीठ आणि हेअरस्प्रे. मिठाच्या पद्धतीत गंजाच्या थरावर पाणी शिंपडून मिठाचे दाणे बसवतात, वाळल्यावर वरचा रंग मारतात आणि मीठ खरवडून काढतात. हेअरस्प्रेत गंजावर स्प्रेचे दोन थर, वर ॲक्रिलिक रंग, आणि तो वाळल्यावर फार वेळ न घालवता ओल्या ताठ ब्रशने घासायचं, पाणी खालच्या स्प्रेला विरघळवतं आणि रंग तुकड्यांनी सुटतो. हेअरस्प्रेत वरचा रंग पाणी आत झिरपू देणारा ॲक्रिलिक हवा, लॅकर मारला तर तो सहज सुटत नाही. हेअरस्प्रेची पद्धत रणगाडेवाल्यांनी २०००च्या दशकात रूढ केली असं साधारण मानतात, मिठाची त्याआधीची. बुडासाठी हेअरस्प्रे सरस, कारण मिठाचा साधा दाणाच पाव-अर्धा मिलिमीटरचा असतो आणि १/२४ मापात त्याचा खड्डा खऱ्या गाडीवर ६ ते १२ मिलिमीटर होतो. दगडाने उडालेला टवका त्याहून बारीक असतो, तो फाटक्या स्पंजच्या टोकाने टिपणं चांगलं.

मापाचा हा हिशोब चिखलालाही लागतो. मॉडेलवरचा १ मिलिमीटर म्हणजे खरे २४ मिलिमीटर, त्यामुळे अंगणातली माती चाळून चिकटवली तर तिचे कण गोट्यांएवढे दिसतात. सॉफ्ट पेस्टलची कांडी बारीक सँडपेपरवर घासून मिळणारी भुकटी किंवा तयार पिगमेंट हेच योग्य, जाड थर हवा असेल तर त्यात थोडं प्लास्टर आणि ॲक्रिलिक मीडियम घालावं. माती नुसती रंगासाठी समोर ठेवावी.

उदाहरण म्हणून १९७१ ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली जिंकणारी डॅटसन २४०झेड घेता येते, हासेगावा या जपानी कंपनीने ती १/२४ मध्ये काढलीय. चालक एडगर हेरमन, सहचालक हान्स शुलर. दुसरा नंबर युगांडात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या शेखर मेहतांचा, त्यांनी १९७३ ला २४०झेडमधूनच ही रॅली जिंकली. ईस्टरच्या सुमाराला, म्हणजे पूर्व आफ्रिकेतल्या पावसाच्या तोंडावर ही शर्यत व्हायची, त्यामुळे एकाच गाडीवर धूळ आणि चिखल दोन्ही यायचे. तिथल्या रस्त्यांवरचा मुरूम बऱ्याच ठिकाणी लॅटेराइटचा, म्हणजे आपल्या कोकणातल्या जांभ्याच्याच जातीचा, ज्याला लॅटेराइट हे नाव फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ मध्ये मलबारमधल्या दगडावरून दिलं. म्हणून रत्नागिरीकडच्या कच्च्या रस्त्यावरून आलेली जीप खालून बघितली तर सफारीच्या गाडीचा रंग बऱ्यापैकी कळतो, वाळलेली धूळ फिकट नारिंगी-गुलाबी आणि ओला चिखल गडद विटकरी. मॉडेलवर हे दोन टोन वेगळे ठेवावेत, धूळ एअरब्रशने सगळीकडे विरळ, चिखल फक्त मडगार्डच्या आत आणि सस्पेन्शनच्या मागच्या सांध्यांत. पुढच्या जाड पत्र्याच्या गार्डवर ओरखडे पुढून मागे सरळ रेषेत, चमकत्या धातूचे. देशावरच्या काळ्या मातीचं वागणं वेगळं, ती ओली असताना फुगून गोळ्यांनी चिकटते आणि वाळली की राखाडी होते, काळी दाखवली तर डांबर वाटतं.

थरांचा क्रम रसायनावर ठरतो. खाली लॅकर किंवा ॲक्रिलिक, त्यावर क्लिअर कोट, मग एनॅमल किंवा तेलरंगाचा वॉश, शेवटी पिगमेंट. व्हाइट स्पिरिट वाळलेल्या ॲक्रिलिकला धक्का लावत नाही म्हणून चुकलेला वॉश पुसून काढता येतो. पण एनॅमलचं थिनर नागड्या प्लॅस्टिकवर, त्यातही ताण असलेल्या जागी गेलं तर प्लॅस्टिक तडकतं. धातूचा ॲक्सल दाबून बसवलेले सस्पेन्शनचे हात, खटक्यावर बसणारे सांधे यांच्या खाचेत वॉश साचतो आणि दुसऱ्या दिवशी चाक हातात येतं, म्हणून या जागा आधी नीट रंगवून घ्याव्यात आणि वॉश भरायचा नाही, ब्रशच्या टोकाने नुसता टेकवायचा.

महाराष्ट्रात परदेशी बाटल्या महाग पडतात, पण तेलरंग कॅम्लिनचे चालतात (ही मुंबईची कंपनी, १९३१ पासूनची). नळीतला रंग पुठ्ठ्यावर थोडा वेळ ठेवला की जवसाचं तेल पुठ्ठा पितो आणि वाळल्यावर चकाकी येत नाही, बुडासाठी हे फार महत्त्वाचं. पावसाळ्यात मुंबई-कोकणात लॅकर मारला तर हवेतल्या ओलाव्याने तो पांढरा धुरकट पडतो, मीठ वाळत नाही आणि हेअरस्प्रेचा थर चिकट राहतो, त्या महिन्यांत तेलरंग आणि पिगमेंटचं काम घ्यावं.

कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी, म्हणजे मूळची फियाट ११००, हिचं बूड करायचं तर मागे पाटे आणि सरळ ॲक्सल, पुढे कॉइल स्प्रिंगा, आणि खाऱ्या हवेने कुजलेला पत्रा. टॅक्सीच्या फ्लोअरवर नंतर वेल्ड केलेले ठिगळ-पत्रे असायचे, ते पातळ प्लॅस्टिक शीटचे तुकडे लावून कडेला पुटीची वेल्डिंग-शिवण ओढून दाखवता येतात, आणि ठिगळाचा काळा रंग आजूबाजूपेक्षा नवा ठेवावा लागतो.

पिगमेंट पक्कं करायला खास फिक्सर किंवा व्हाइट स्पिरिटचा थेंब बाजूला टेकवून आपोआप पसरू देतात, वरून क्लिअर मारला तर भुकटीचा रंग गडद होतो आणि धूळ नाहीशी होते. प्रदर्शनात बूड दिसावं म्हणून गाडी आरशावर ठेवतात, पण आरशात प्रकाश कमी पोचतो, तेव्हा अशा मॉडेलचे रंग हातातल्या मॉडेलपेक्षा एक छटा उजळ ठेवणं बरं.