नपुंसक माशी म्हणजे जिवंत सोडलेला शत्रू?

म्हापशाच्या बाजारात मानकुराद आंब्याचे भाव ऐकताना हे हमखास कानावर पडतं: "फळमाशी मारायची सोडून नपुंसक कसली करता? जिवंत राहिली ती राहिलीच!" पटण्यासारखं वाटतं, पण हिशेब उलटा आहे.

१००० माश्या धरा, नर-मादी निम्मे, दर पिढीत पाचपट वाढ. औषधाने ९० टक्के मारल्या तर १०० उरतात, पुढच्या पिढीत ५००. आता मारू नका, नर-मादी दोन्हींतल्या ९० टक्क्यांना वांझ करा. सक्षम माद्या ५० उरतात. पण त्यांच्याभोवतीचे दहातले नऊ नर निकामी. म्हणजे फलदायी जोड्या फक्त ५, पुढची पिढी ५०! जिवंत राहिलेले निकामी नरच आपलं काम करतात.

अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ निपलिंग यांनी हे गणित मांडलं. १९५४ मध्ये कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर किरणांनी नपुंसक केलेले कीटक सोडून गुरांच्या जखमेत अंडी घालणारी माशी संपवली गेली.

अर्थात निकामी नर तितकेच चपळ हवेत, शेजारच्या बागेतून नव्या माश्या यायला नकोत. आणि नपुंसक करणारी रसायनं स्वतः विषारी, ती झाडावर फवारायची नसतात. कीटकनाशकाची फवारणी करायचीच तर आधी करा. नपुंसक नर सोडल्यावर केलीत तर तेही मरतील.