कार्ब्युरेटर काढला, आता हवेचं वजन कोण करणार?

परवा एका मित्राने व्हिडिओ पाठवला. जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) खोलायचा, त्या जागी चार नट आवळून इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचा एक चकचकीत डबा बसवायचा, किल्ली फिरवायची आणि म्हणे मायलेज दुप्पट. खाली त्याचा प्रश्न, "करून टाकू का?" फोनवर त्याला पाऊण तास पकवलं, तरी समाधान झालं नाही त्याचं, म्हणून आता लिहूनच काढतोय.

मायलेजचं आधी उरकून घेतो. नीट सेट केलेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीतही बहुतेक सगळं पेट्रोल जळतंच, आणि त्यातली बरीचशी ऊर्जा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन निघून जाते. इंजेक्शन लावलं म्हणून ती काही परत येत नाही. चोक (हवा अडवणारी झडप) अडकलेला असेल, जेट (पेट्रोल येण्याची बारीक भोकं) झिजलेले असतील, तर फरक जाणवेल आणि चांगलाच जाणवेल, पण तो बिघाड काढल्याचा फरक. पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधणारे आणि पाण्यापासून गॅस बनवून इंजिनात सोडणारे लोकही याच माळेचे मणी. पाणी फोडायला वीज लागते, ती अल्टरनेटर देतो, अल्टरनेटरला इंजिन फिरवतं आणि इंजिन तेच पेट्रोल जाळतं. या फेऱ्यात प्रत्येक टप्प्यावर थोडं गळतंच, वाढत कुठेच नाही.

मग इंजेक्शनने बदलतं काय? बरेच जण सांगतात की पेट्रोल बारीक फवारलं जातं. खरंय, पण मला विचाराल तर ती दुय्यम गोष्ट. खरा बदल मोजमापात आहे. पेट्रोल नीट जळायला १ ग्रॅम पेट्रोलमागे साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. ग्रॅम हं, लिटर नाही. म्हणजे दर क्षणाला इंजिनात किती वजनाची हवा चाललीये ते कुणाला तरी कळायला पाहिजे, आणि हवेचं वजन करायला तिथे तराजू तर नाही.

कार्ब्युरेटर हे काम कसं करतो ते बघितलं की त्याच्याबद्दल आदरच वाटतो. आपण म्हणतो इंजिन पेट्रोल ओढतं, पण ओढत कुणीच नाही. कार्ब्युरेटरच्या नळीला मध्ये एक अरुंद गळा असतो, व्हेंचुरी म्हणतात त्याला. तिथून जाताना हवेचा वेग वाढतो आणि दाब कमी होतो, बर्नुलीचा नियम, शाळेत झालेला. खाली फ्लोटच्या, म्हणजे पेट्रोल साठवणाऱ्या, वाटीतल्या पेट्रोलवर मात्र बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब असतो, आणि तोच दाब पेट्रोलला जेटमधून वर ढकलतो. आता यातली गंमत बघा. गळ्यातून जाणारी हवा दाबाच्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते आणि जेटमधून येणारं पेट्रोलही त्याच फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. दोन्हीकडे वर्गमूळ, त्यामुळे हवा वाढो की कमी होवो, दोघांचं गुणोत्तर बऱ्यापैकी तेच राहतं. ना वायर, ना सेन्सर, पितळेला पाडलेल्या एका भोकात हे गणित बसवलंय!

पण हे गणित कडेकडेला फसतं. आयडलिंगला हवा इतकी कमी असते की मुख्य जेटमधून पेट्रोल वर येतच नाही, म्हणून स्लो जेटची वेगळी वाट. अचानक अ‍ॅक्सिलरेटर दाबला की हवा लगेच धावते, पेट्रोल जड असल्याने मागे राहतं, म्हणून पिचकारी मारणारा छोटा पंप. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ होत नाही, म्हणून चोक, आणि चोक जास्त वेळ राहिला की गाडी ओव्हर, म्हणजे पेट्रोल जास्त होऊन बंद. प्रत्येक अडचणीला एक ठिगळ, आणि अशी दहाबारा ठिगळं लावलेला कार्ब्युरेटर साफ करायला उघडला की एखादी स्प्रिंग हमखास टेबलाखाली जाते.

एक अडचण मात्र ठिगळानेही नीट सुटत नाही, ती म्हणजे उंची. त्या वर्गमुळात हवेची घनताही दडलेली आहे. समुद्रसपाटीपासून २००० मीटर वर हवेची घनता साधारण ८२ टक्के उरते, ८२ टक्क्यांचं वर्गमूळ साधारण ९१ टक्के. म्हणजे दाबाचा फरक तेवढाच असला तरी हवा ९ टक्के कमी आली, पेट्रोल मात्र जेवढ्यास तेवढंच, कारण पेट्रोलची घनता घाटाने बदलत नाही. मिश्रण साधारण १० टक्के दाट झालं. घाट चढून गेल्यावर जुनी गाडी दम लागल्यासारखी करते, त्यात विरळ हवेचा वाटा आहेच, पण वर हे जास्तीचं पेट्रोलही असतं.

आता इंजेक्शनवाले तराजूशिवाय वजन कसं करतात? अकरावी-बारावीचं ते समीकरण आठवा, दाब गुणिले आकारमान बरोबर वगैरे. हवेचा दाब, तापमान आणि आकारमान माहीत असलं की वजन आपोआप निघतं. आकारमान तर इंजिन बनवतानाच ठरलेलं. इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरकडे नेणाऱ्या नळ्यांत) एक दाबाचा सेन्सर, एक हवेच्या तापमानाचा, आणि क्रँकवर (पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर) दातेरी चाक लावून इंजिन किती वेगाने फिरतंय आणि आत्ता नेमकं कुठे आहे ते कळवणारा तिसरा. तिन्ही आकडे एका छोट्या कॉम्प्युटरकडे जातात. संपला तराजू.

हिशोब करूनच बघू, मला हा भाग फार आवडतो. १२०० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या, म्हणजे एका सिलिंडरला ३०० सीसी. दाब १०० किलोपास्कल, हवा २० अंश सेल्सिअस. ३०० सीसी हवेचं वजन येतं ०.३५७ ग्रॅम. पण सिलिंडर कधी पूर्ण भरत नाही, वाटेत व्हॉल्व्ह आहेत, वळणं आहेत, आणि वेळही कमी. समजा ८० टक्के भरला, तर झाली ०.२८५ ग्रॅम. भागिले १४.७, म्हणजे पेट्रोल लागणार साधारण १९ मिलिग्रॅम. हे एका थेंबाच्या निम्म्याच्या आसपास, एका छोट्या चमच्यात असे १९० वाटे बसतील. आणि ३००० आरपीएमला (मिनिटाला ३००० फेरे) प्रत्येक सिलिंडरला हा वाटा सेकंदाला २५ वेळा मोजून द्यायचा असतो.

तापमान २० वरून ४० अंशावर गेलं की तेवढ्याच दाबाला हवा ६ टक्क्यांहून जास्त कमी भरते, कॉम्प्युटर तेवढं पेट्रोल कापतो. घाटात गेलात, दाब उतरला, सेन्सरला दिसला, हिशोब बदलला. उंचीचं दुखणं वेगळ्या औषधाशिवाय गेलं.

आता हे १९ मिलिग्रॅम द्यायचे कसे? इंजेक्टर म्हणजे विजेने उघडणारी सुई, तिला फक्त उघड आणि बंद एवढंच कळतं. त्यामुळे पेट्रोल वेळेने मोजायचं. मिनिटाला २०० सीसी सोडणारा इंजेक्टर असेल तर आपला वाटा ७.९ मिलिसेकंदात पडतो. पण हे जमायला सुईच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक कायम सारखा पाहिजे, म्हणून पेट्रोलचा दाब सांभाळणाऱ्या रेग्युलेटरला मॅनिफोल्डमधून एक बारीक नळी देतात, मॅनिफोल्डचा दाब खाली गेला की हा पेट्रोलचा दाबही तेवढाच खाली आणतो. साधारण ३ बारचा फरक टिकला की प्रश्न फक्त घड्याळाचा उरतो.

घड्याळातही खोट आहेच. वीज दिल्यादिल्या सुई उचलली जात नाही, साधारण १ मिलिसेकंद नुसता वाया जातो, आणि बॅटरीचा व्होल्टेज उतरला की हा वाया जाणारा वेळ वाढतो. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर ७.९ मध्ये तो खपून जाईल, पण आयडलिंगला मुळात १.७ मिलिसेकंदच लागत असतील तर ०.२ चा फरक म्हणजे १२ टक्के. म्हणून रात्री हेडलाइट लावल्यावर नव्याने इंजेक्शन बसवलेली गाडी आयडलला डुलायला लागली, तर इंजिन खोलण्याआधी अल्टरनेटर, अर्थिंग आणि कॉम्प्युटरमधला कुठल्या व्होल्टेजला किती वेळ वाया जातो त्याचा तक्ता बघा. आणि वर ज्या ८० टक्क्यांना मी "समजा" म्हणून सटकलो ना, तो आकडा प्रत्येक आरपीएम आणि प्रत्येक दाबाला वेगळा असतो. त्याचा १६ बाय १६ कप्प्यांचा तक्ता असतो, २५६ आकडे, आणि ते कुठल्याही डब्यात तयार मिळत नाहीत कारण ते तुमच्या इंजिनाचे असतात, तुमच्या कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) आणि तुमच्या सायलेन्सरचेही. शिवाय मारलेलं सगळं पेट्रोल लगेच आत जात नाही, काही मॅनिफोल्डच्या भिंतीला चिकटतं आणि नंतर हळूहळू सुटतं, मग किती टक्के चिकटतं आणि किती वेळात सुटतं असे आणखी दोन आकडे, तेही इंजिनच्या तापमानाप्रमाणे बदलणारे. इथे मित्राने फोनवर जांभई दिली होती, तेव्हा पुढे जातो.

चुकलं कुठे हे कळायला एक्झॉस्टमध्ये लॅम्डा सेन्सर असतो. झिर्कोनियाचं एक टोपण, एका बाजूला बाहेरची हवा, दुसऱ्या बाजूला धूर, दोन्हीकडच्या ऑक्सिजनमध्ये जेवढी तफावत तेवढा व्होल्टेज. मिश्रण दाट असेल तर साधारण ०.९ व्होल्ट, पातळ असेल तर ०.१. बॉशने तो १९७६ मध्ये व्होल्व्होच्या गाडीत पहिल्यांदा आणला. फक्त एक लक्षात ठेवा, याला पेट्रोल दिसत नाही, ऑक्सिजन दिसतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं, तरी माझ्या गाडीने ते पुन्हा शिकवलंच. सेन्सर बसवायला एक्झॉस्टला आटे असलेली कडी वेल्ड केली, तिच्या आधीच्या, इंजिनाकडच्या जोडाचं गॅस्केट जुनंच ठेवलं, ते किंचित फुंकत होतं. तिथून बाहेरची हवा आत यायची, सेन्सरला ऑक्सिजन दिसायचा, कॉम्प्युटरला वाटायचं मिश्रण पातळ आहे, तो पेट्रोल वाढवायचा. मी दोन दिवस लॅपटॉप घेऊन तक्ते बदलत बसलो आणि प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. एखादा सिलिंडर मिसिंग मारत असेल तरी हेच होतं, न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि कॉम्प्युटर फसतो. आधी गळती, मग ट्युनिंग.

मित्राला कामाच्या म्हणून सांगितलेल्या गोष्टी पण लिहितो. कार्ब्युरेटरला पेट्रोल फार तर अर्ध्या बारच्या आत लागतं, इंजेक्शनला ३ बार, त्यामुळे जुना पंप आणि जुने रबरी पाइप दोन्ही बाद, पाइप इंजेक्शनच्या दाबाचेच घ्यायचे, यात काटकसर केली तर गरम इंजिनवर पेट्रोलचा फवारा उडेल. इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप बंद झाला पाहिजे, रिले (पंपाचा विजेवर चालणारा स्विच) तसाच जोडायचा. जुन्या टाकीत आत पडदे नसतात. वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो. कार्ब्युरेटरला वाटीतला साठा पुरायचा, इंजेक्शनला साठाच नाही, एका वळणात दाब पडतो. म्हणून मध्ये एक छोटी टाकी देतात. बाकी वायरिंगला वेळ द्या, अर्धी दुखणी अर्थिंगची असतात.

हे काही नवीन वेड नाही. १९५४ च्या मर्सिडीज ३०० एसएलमध्ये यांत्रिक इंजेक्शन होतं. अमेरिकेत बेंडिक्सने इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणलं, १९५८ च्या क्रायस्लरच्या मोजक्या गाड्यांत बसलंही, पण तेव्हाचे इलेक्ट्रॉनिक भाग उन्हाथंडीत टिकेनात आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांना परत कार्ब्युरेटर लावावे लागले. म्हणजे आपण आज करतोय त्याच्या बरोबर उलटं काम. दाब मोजून हिशोब करायची कल्पना खऱ्या अर्थाने बाजारात टिकली ती १९६७ मध्ये, बॉशच्या डी-जेट्रॉनिकने, फोक्सवॅगनच्या १६०० मध्ये. त्यातला डी म्हणजे द्रुक, जर्मनमध्ये दाब.

मित्राला शेवटी सांगितलं, थंडीत पहिल्या सेल्फला चालू व्हायला हवी असेल, घाटात नीट चालायला हवी असेल, पुढेमागे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) लावायचा असेल, तर जरूर कर. ताकद वाढेल म्हणून करत असशील तर आधी आहे तो कार्ब्युरेटर नीट धुऊन बघ. त्याने विचारलं तुझी गाडी आता एकदम ओके ना? म्हटलं हो, फक्त २२०० आरपीएम आणि ४५ किलोपास्कलच्या आसपास अजून एक हिसका देते, २५६ पैकी नेमका कुठला कप्पा चुकलाय ते रविवारी बघणार आहे.