स्थिर आकडा, चुकीचं तापमान

रत्नागिरीचा मिरकरवाडा असो की मालवण, मासळीच्या कोल्ड स्टोरेजमध्ये सगळ्यांचं लक्ष डिस्प्लेवर असतं. गोठवलेली मासळी उणे 18 अंशांवर किंवा त्याहून थंड हवी. हा आकडा बऱ्याच ठिकाणी ‘पीटी-100’ सेन्सरवरून येतो. त्यातल्या प्लॅटिनमचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, 0 अंशाला 100 ओहम असतो आणि तापमान वाढेल तसा अंशागणिक जेमतेम 0.39 ओहमने वाढतो. एवढासा बदल लांब केबलमधून आणायचा, म्हणजे वाटेत गडबडीला भरपूर वाव.

एक गडबड लगेच दिसते. कॉम्प्रेसर सुरू झाला की आकडा नाचू लागतो. मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह सेकंदाला हजारो वेळा वीज चालू-बंद करतो. त्याची आणि सेन्सरची केबल एकाच ट्रेमधून गेली असेल, तर तो गोंगाट सिग्नलमध्ये उतरतो. केबल लांब-लांब ठेवाव्यात, सेन्सरच्या तारा पीळ दिलेल्या आणि शील्डच्या, म्हणजे वरून धातूचं आवरण असलेल्या, घ्याव्यात. शील्डला अर्थिंग एकाच टोकाला द्यावं, नाहीतर दोन अर्थिंगमधल्या फरकामुळे शील्डमधूनच प्रवाह वाहतो. उरलेल्या गोंगाटावर सरासरी चालते: 100 रीडिंगच्या सरासरीत यादृच्छिक गोंगाट दहा पटींनी घटतो. आपल्या 50 हर्ट्झ विजेची गुणगुण घालवायला एकेक रीडिंग बरोबर 20 मिलिसेकंद घेतात, म्हणजे पूर्ण एक आवर्तन. त्यातला वरचा आणि खालचा अर्धा भाग एकमेकांना खोडतो.

कोकणात मला जास्त धास्ती वाटते ती न नाचणाऱ्या आकड्याची. खारा, दमट वारा सेन्सरच्या टर्मिनल बॉक्समध्ये, म्हणजे तारा स्क्रूंनी जोडलेल्या डबीत, शिरतो. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि दोन स्क्रूंमध्ये ओलसर थर जमतो. त्या थरातून 10 किलोओहमची वाट तयार झाली, की एकूण रोध सुमारे 0.9 ओहमने कमी भासतो. डिस्प्ले उणे 18 दाखवतो आणि खोली असते उणे 16 च्या आसपास! सरासरी कितीही घ्या, ही चूक तसूभर हलत नाही, कारण ती प्रत्येक रीडिंगमध्ये तेवढीच असते. गंजलेला स्क्रू उलटं करतो. दोन तारांच्या जोडणीत त्याने 1 ओहम वाढवला, तर खोली अडीच अंशांनी गरम दिसते. त्यावर चार तारांची जोडणी (दोन तारांतून प्रवाह, मोजायला दोन वेगळ्या) हा पक्का उपाय, पण ओलाव्यापुढे तिचं काही चालत नाही. तिथे बॉक्सचं झाकण आणि केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथली बंदिस्त पकड) घट्टच हवी, आणि केबल खालच्या बाजूने आत घ्यायला हवी.

तपासणी सोपी आहे. थर्मासमध्ये गोड्या पाण्याच्या बर्फाचा चुरा घ्या, फटी भरतील एवढंच गोडं पाणी ओता. टर्मिनल बॉक्स तसाच जोडलेला ठेवून सेन्सर बुडवा, ढवळा, काही मिनिटं थांबा. 0 दिसायला हवं. मासळीला लागलेला बर्फ मात्र घेऊ नका, मिठामुळे तो शून्याखालीच वितळतो.

आकडा चुकला की कंट्रोलरमध्ये ऑफसेट, म्हणजे आकड्यात कायमची बेरीज-वजाबाकी, टाकून मोकळं व्हायचं, ही सवय मोडायलाच हवी. आधी बॉक्स उघडा, मीठ साफ करा, वाळवा, पुन्हा मोजा. पावसाळ्यात टाकलेला 2 अंशांचा ऑफसेट थंडीत थर वाळल्यावर तसाच राहतो. मग खोली आहे त्यापेक्षा गरम दिसते आणि कॉम्प्रेसर विनाकारण वीज जाळतो.