मराठवाड्यातला आफ्रिका अभ्यास

आफ्रिका अभ्यास म्हणजे आफ्रिका खंडाचा इतिहास, समाज, भाषा, साहित्य, राजकारण, शेती, व्यापार हे सगळं एकत्र धरून करायचा अभ्यास, आफ्रिकन स्टडीज म्हणतात तोच. मराठवाड्यात या नावाची पाटी लावलेला विभाग शोधायला गेलात तर दमाल, कारण इथं हा विषय इतिहास, राज्यशास्त्र, इंग्रजी, अर्थशास्त्र आणि थेट परभणीचं कृषी विद्यापीठ असा विखरून पडलाय. पाटी नाही पण माल भरपूर, किल्ल्यांत, नहरीत, वावरात आणि वाळूजच्या एमआयडीसीत. ज्याला हा विषय करायचाय त्यानं तो स्वतः गोळा करायचा, अशी सध्याची अवस्था आहे.

थोडी पार्श्वभूमी

स्वतंत्र विद्याशाखा म्हणून हा विषय दुसऱ्या महायुद्धानंतर उभा राहिला. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मेलव्हिल हर्सकोव्हिट्स यांनी १९४८ साली त्याचा पहिला मोठा कार्यक्रम सुरू केला, लंडनच्या सोआस या पौर्वात्य आणि आफ्रिकी अभ्यासाच्या संस्थेच्या नावात आफ्रिका १९३८ मध्येच आलं होतं. पण सुरुवातीला हे सगळं बाहेरच्यांनी आफ्रिकेकडं बघणं होतं, त्याला उत्तर म्हणून घानात तिथले राष्ट्राध्यक्ष क्वामे एन्क्रुमांनी १९६३ साली अक्राजवळ लेगॉनच्या आफ्रिका अभ्यास संस्थेचं उद्घाटन केलं, पुढं १९७३ ला डाकारमध्ये कोडेस्रिया ही संशोधन परिषद निघाली, आणि युनेस्कोनं आफ्रिकेचा आठ खंडांचा इतिहास काढला तो बऱ्याच अंशी आफ्रिकन अभ्यासकांकडूनच लिहून घेऊन. भारतात दिल्ली विद्यापीठाचा विभाग १९५५ चा, मुंबई विद्यापीठाचं कलिन्यातलं केंद्र १९७१ चं. मराठवाड्यातल्या पोरांना जवळचं म्हणजे मुंबईच.

मलिक अंबर आणि त्याचं शहर

मराठवाड्यात आफ्रिका म्हटलं की गाडी मलिक अंबरवर येते आणि तिथंच थांबते. थांबावं असाच माणूस आहे तो. जन्म १५४८ च्या सुमाराचा, इथिओपियातला. लहानपणीच विकला गेला, अरबस्तान, बगदाद करत हात बदलत दख्खनेत आला, अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, जो स्वतःही हबशी म्हणजे आफ्रिकी मूळचाच होता, त्यानं त्याला विकत घेतलं. मालक वारल्यावर हा मोकळा झाला, आधी दुसऱ्यांच्या चाकरीत राहिला, मग स्वतःचे घोडेस्वार जमवले. १६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं, निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं, तेव्हा यानं परंड्याच्या किल्ल्यात निजामशाही घराण्यातल्या दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं आणि पुढची पंचवीसेक वर्षं राज्य आपल्या हातानं चालवलं. परंडा म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातला, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही.

१६१० ला त्यानं दौलताबादजवळ खडकी वसवली. तेच पुढं फत्तेनगर, मग औरंगाबाद, आता छत्रपती संभाजीनगर. भडकल दरवाजा, काळी मशीद ही त्याच्याच काळातली बांधकामं. जहांगीर बादशहाचा त्याच्यावर एवढा राग की अबुल हसन या चित्रकारानं काढलेल्या चित्रात बादशहा मलिक अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारताना दाखवलाय. प्रत्यक्षात ते मुंडकं जहांगीराला कधीच मिळालं नाही. १६२४ ला भातवडीला अंबरानं मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना धूळ चारली, त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूनं होते, आणि १६२६ ला तो म्हातारा होऊन वारला. कबर खुलताबादला आहे.

नहर-ए-अंबरी बघायची तर गाईड नको, एखादा म्हातारा हर्सूलकर सोबत घ्या. शहराच्या उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून येणारी बांधीव नळी, पंप नाही मोटार नाही, नुसत्या उतारावर पाणी खेळवलेलं. ठराविक अंतरावर उभे झरोके ठेवलेत, आत हवा राहावी आणि माणूस उतरून गाळ काढता यावा म्हणून, आणि दाब सांभाळायला दगडी मनोरे, त्यात पाणी वर चढतं आणि दुसऱ्या बाजूनं खाली उतरतं. आज यातले कितीतरी झरोके घरांच्या भिंतीत, रस्त्याच्या डांबराखाली गेलेत. एक गोष्ट मात्र सेमिनारमध्ये बोलताना जपून बोलावी, हे तंत्र त्यानं इथिओपियातून आणलं असं ठोकून देऊ नये, जमिनीखालच्या कालव्याची ही पद्धत इराण आणि अरब मुलखात जुनी आहे, आणि शहरातल्या सगळ्याच नहरी काय अंबरच्या नाहीत, नंतरही बांधल्या गेल्या. अंबरचं कर्तृत्व कमी नाही, त्याला उगाच फोडणी कशाला.

त्याची जमीन महसुलाची पद्धत, जिला मलिक अंबरी धारा म्हणतात, तो संशोधनाचा अजून मोकळा विषय आहे. कागद फारसीत आणि मोडीत, काही तर एकाच कागदावर दोन्ही. त्यामुळं या विषयात पीएचडी करायची तर आधी मोडी आणि फारसी, मग बाकी. नुसती इंग्रजी पुस्तकं वाचून लिहिलेले प्रबंध एकमेकांच्या झेरॉक्स कॉपीसारखे दिसतात.

यापेक्षा जुना धागा धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचा. पहिल्या शतकातल्या, इजिप्तच्या ग्रीकभाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या पेरिप्लस या समुद्री मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर (तगर) ही दोन्ही नावं येतात, इथला माल बैलगाड्यांनी भडोचला जायचा असं त्यात आहे, आणि त्याच मार्गदर्शिकेत तांबड्या समुद्रावरचं अदुलिस बंदर आणि आफ्रिकेतलं अक्सुमचं राज्यही येतं. तेरच्या संग्रहालयात एक दिवस घालवला तरी पुरे.

वावरातली आफ्रिका

आता हा भाग इतिहासवाले सोडून देतात आणि शेतीवाले त्याला आफ्रिका अभ्यास म्हणत नाहीत, पण माझ्या मते मराठवाड्यासाठी सगळ्यात जिवंत धागा हाच. ज्वारी मूळची ईशान्य आफ्रिकेतली, पूर्व सुदानात कसाला भागात ५ हजार वर्षांपेक्षा जुन्या खापरांवर ज्वारीच्या दाण्यांचे आणि तुसाचे ठसे सापडलेत. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली, मालीच्या बाजूची. चवळी आफ्रिकेची, चिंच आफ्रिकेची, आणि ज्याची चटणी भाकरीसोबत खातो ते कारळं इथिओपियातलं. म्हणजे ज्वारीची भाकर, कारळ्याची चटणी आणि चिंचेचं सार असं ताट वाढलं तर त्यातली मिरची सोडून जवळपास सगळं तिकडचं निघतं.

सुदानमध्ये ज्वारीचं पीठ भिजवून आंबवतात आणि तापलेल्या तव्यावर पातळ पसरवून किसरा करतात, आपल्याकडं पीठ थापून भाकर आणि आंबवून आंबील. एकच धान्य, दोन्हीकडं आंबवायची सवय, आणि तरी यावर मराठीत धड लेखन नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १९७२ चं, परभणी मोती ही त्यांची रब्बी ज्वारी गावोगाव माहीत आहे, आणि हैदराबादच्या इक्रिसॅट या कोरडवाहू पिकांच्या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेसोबत केलेली परभणी शक्ती २०१८ साली आली, तिच्यात लोह आणि जस्त जास्त. इक्रिसॅटचं काम आफ्रिकेतही चालतं, केनिया, माली, मलावी वगैरे, त्यामुळं कृषीच्या पोरांना आफ्रिकेत जायचा रस्ता परभणीहून हैदराबादमार्गे जातो.

कापसाचंही तसंच. केनियानं २०१९ च्या शेवटी बीटी कापसाच्या लागवडीला परवानगी दिली, त्यातलं बियाणं जालन्यात सुरू झालेल्या महिको या बियाणं कंपनीचं. आपल्याकडं बीटीनं काय दिलं आणि बोंडअळीनं काय नेलं हे गेवराईचा नाहीतर परतूरचा शेतकरी तासभर सांगेल, मग तोच अनुभव केनियाच्या शेतकऱ्याशी ताडून बघणारा एखादा प्रबंध का होऊ नये.

नागसेनवनातून दिसणारी आफ्रिका

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० ला औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, त्याच्या परिसरालाच नागसेनवन म्हणतात. त्याआधी १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस या अमेरिकेतल्या काळ्या विचारवंतांना पत्र लिहून अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी युनोकडं दिलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. हेच ड्यू बॉइस शेवटी घानात गेले आणि १९६३ ला अक्रात वारले. गंगाधर पानतावणे औरंगाबादेतून अस्मितादर्श हे दलित साहित्याचं नियतकालिक काढायचे, दलित साहित्याला अमेरिकेतल्या काळ्यांच्या साहित्याशी लावून बघायची चर्चा त्या काळात मराठवाड्यात जोरात होती, आणि लातूरचे जनार्दन वाघमारे, जे पुढं नांदेड विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले, त्यांनी त्या साहित्यावर मराठीत सविस्तर लिहिलं. पण गोम अशी की ही सगळी नजर अमेरिकेकडं गेली. चिनुआ अचेबे, वोले शोयिंका, न्गुगी वा थिओंगो हे आफ्रिकन लेखक इंग्रजी विभागाच्या पेपरात आले खरे, मराठी विभागात मात्र फारसे पोचले नाहीत.

कार्यक्रम

आफ्रिका दिन २५ मे ला असतो, १९६३ साली त्या दिवशी अदिस अबाबात आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली म्हणून. आता मराठवाड्यात २५ मे म्हणजे परीक्षा, पेपर तपासणी, टँकर आणि ऊन, कॅम्पसवर चिटपाखरू नसतं. त्यामुळं इथं कार्यक्रम घ्यायचा तर तारीख दुसरी बघावी. मंडेला दिन १८ जुलैला असतो, तेव्हा ॲडमिशनचा गोंधळ असला तरी माणसं असतात. सगळ्यात जुळून येणारी तारीख २३ ऑगस्ट, गुलामांच्या व्यापाराच्या आणि त्याच्या उच्चाटनाच्या स्मरणाचा युनेस्कोचा दिवस, आणि मराठवाडा विद्यापीठाची स्थापनाही १९५८ च्या २३ ऑगस्टचीच. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या माणसानं वसवलेल्या शहरातलं विद्यापीठ, आणि तारीखही तीच. वर्धापन दिनाला एक व्याख्यान यावर ठेवायला पैसाही लागत नाही.

बाकी नॅशनल सेमिनार, कॉन्फरन्स यांचा हंगाम फेब्रुवारी-मार्च, कारण मार्च एंडच्या आत अनुदान खर्ची टाकायचं असतं. सकाळी दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, बीजभाषण लांबतं, मग जेवण, आणि पेपर वाचणाऱ्याला पाच मिनिटं, त्यातही दोन मिनिटं प्रास्ताविकात. सर्टिफिकेटसाठी येणारे जास्त, ऐकणारे कमी. तरीही दर वेळी एखादा तरी माणूस असा भेटतो ज्यानं खरंच कागद बघितलेले असतात, त्याला चहाच्या टपरीवर गाठावं, तिथं खरं सेशन होतं.

समकालीन आफ्रिका या कार्यक्रमांत जवळपास नसते. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीतल्या परिषदेत ५५ देशांचा आफ्रिकी संघ जी-२० चा कायम सदस्य झाला. भारत-आफ्रिका शिखर परिषदा २००८ ला दिल्लीत, २०११ ला अदिस अबाबात, २०१५ ला परत दिल्लीत झाल्या. वाळूजला बजाजचा प्लांट १९८५ पासून आहे, आणि या कंपनीची बॉक्सर मोटारसायकल युगांडात, नायजेरियात, केनियात टॅक्सी म्हणून धावते, तिकडं तिच्यावर लाखो घरं चालतात. कॉमर्सच्या पोरांना प्रोजेक्टसाठी विषय सापडत नाही म्हणे.

संधी

एम.ए. किंवा पीएचडी थेट या विषयात करायची तर मुंबई नाहीतर दिल्ली. दिल्लीत स्वाहिलीही शिकवतात, आणि भाषा आली तर निम्मं काम झालं. नेटला इंटरनॅशनल अँड एरिया स्टडीज हा विषय आहे, तो फार कमी जण घेतात. मराठवाड्यात राहूनच करायचं तर इतिहास किंवा राज्यशास्त्रात रजिस्ट्रेशन करून विषय आफ्रिकेचा घ्यावा, गाईड तयार होतो का तेवढं आधी बघावं, नाहीतर विषय बदलून घेतो. पैशासाठी बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आपापल्या प्रवर्गानुसार, शिवाय आयसीएसएसआर आणि आयसीएचआर या सामाजिक शास्त्रं आणि इतिहासाच्या केंद्रीय संशोधन परिषदा. परदेशी जायचं तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे, तिला विद्यापीठाच्या रँकिंगची अट असते, तेव्हा आफ्रिकेतलं विद्यापीठ त्या यादीत बसतं का ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघायचं. आयआयटी मद्रासचं झांझिबारमधलं कॅम्पस २०२३ ला सुरू झालं, तो एक नवाच दरवाजा.

उलट बाजूनं, तिकडून इकडं येणाऱ्या पोरांसाठी आयसीसीआर म्हणजे भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती असते, अर्ज ए-टू-ए पोर्टलवर, आणि शास्त्रज्ञांसाठी सी. व्ही. रमण फेलोशिप. संभाजीनगरात सुदान, सोमालिया वगैरे देशांतली मुलं बरीच वर्षं शिकायला येतात. त्यांची डोकेदुखी अभ्यासापेक्षा खोलीची. घरमालक आधी नाहीच म्हणतो, मग डिपॉझिट वाढवतो, मग परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला देणारा फॉर्म (आधी सी फॉर्म म्हणायचे तो) भरायला कंटाळा करतो, आणि १८० दिवसांपेक्षा जास्तीचा व्हिसा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी करावी लागते ती या फॉर्मवाचून अडते. तिकडची पदवी इथल्या पदवीच्या बरोबरीची आहे असं समकक्षता प्रमाणपत्र लागतं, ते निघायच्या आधीच मागवलेलं बरं, आणि मूळ कागद अरबीत असतील तर अधिकृत इंग्रजी भाषांतर सोबत घेऊनच विमानात बसावं.